भीती देवाची, दरारा पाळकांचा

नीतिसूत्रांच्या पहिल्या अध्यायातले सातवे वचन पाठ नाही असे मराठी ख्रिस्ती घर मला अजून भेटलेले नाही. दिनदर्शिकेवर ते छापलेले असते, मिशनच्या शाळेच्या भिंतीवर रंगवलेले असते, संडे स्कूलच्या बक्षीससमारंभात लहान मुले ते एका दमात म्हणून दाखवतात आणि आया डोळे पुसतात. वचनाचा आशय थोडक्यात असा की ज्ञानाचा उगम देवाला भिण्यात आहे. वचनाशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते त्यावर दुकान चालवणाऱ्यांशी. पुलपिटावरून हे वचन खाली उतरते तेव्हा त्याचा अर्थ एकच उरतो: गप्प बसा. मंडळीच्या जमाखर्चाचा हिशेब मागितलात? देवाचे भय बाळगा. मिशनची जमीन कोणाच्या सहीने विकली गेली असे विचारलेत? देवाच्या सेवकाविरुद्ध बोलताना जरा भ्या. मुलगी कॉलेजात उत्क्रांती शिकून आली आणि जेवताना उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाबद्दल काही बोलली? पोरीला ज्ञान फार झाले, भय कमी पडले. भ्यायचे देवाला असते, पण देवाचे नाव निघाले की पाळकसाहेबांची खुर्ची आपोआप शेजारी मांडली जाते, आणि थोड्याच वेळात खुर्ची कोणती आणि सिंहासन कोणते हे कळेनासे होते.

दुसरी एक जात आहे, तिची मला जास्त चीड येते. ही माणसे सेमिनरीतून शिकून आलेली असतात आणि त्यांचा आवाज मऊ असतो. ‘भय म्हणजे भीती नव्हे हो, आदर! प्रेमळ बापाविषयी वाटतो तसा.’ एवढे बोलून घोटभर पाणी पितात आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतात. प्रश्न मिटला. मी विचारतो, सीनाय डोंगराखाली गडगडाट आणि धूर पाहून कापत कापत लांब उभे राहिलेले लोक आदर करत होते काय? कराराच्या कोशाला हात लागला म्हणून जागच्या जागी मेलेल्या उज्जाचे प्रेत पाहून दाविदाला आदर वाटला? शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा सहावा अध्याय काढा. दाविदाला आधी राग आला, मग भीती वाटली, आणि कोश आपल्याकडे न्यायचे सोडून त्याने तो तीन महिने दुसऱ्याच्या घरी ठेवला. बायबलातली भीती ही भीतीच आहे. तिच्यावर साखर पेरून वाटणारे ताकाला जाऊन भांडे लपवतात.

माझे म्हणणे साधे आहे. शहाणपण आणि देवाचे भय यांचा संबंध काय, याबाबत बायबल एकमुखाने बोलत नाही. ते आपसात भांडते. ज्यांनी ही पुस्तके लिहिली आणि जपली त्यांना हे भांडण दिसत नव्हते असे मानणे म्हणजे त्यांना आपल्यापेक्षा मूर्ख समजणे. त्यांनी भांडण जाणूनबुजून ठेवले. आपण मात्र एका बाजूचा साक्षीदार तेवढा उभा करतो आणि खटला जिंकल्याची फुशारकी मारतो.

आधी उत्पत्तीचा तिसरा अध्याय घेऊ. बागेतले जे झाड निषिद्ध होते ते बऱ्यावाइटाच्या ज्ञानाचे. हव्वेला त्या फळाचे तीन गुण दिसले: खायला चांगले, डोळ्यांना सुंदर आणि माणसाला शहाणे करणारे. तिने खाल्ले, नवऱ्याला दिले. मग देव बागेत फिरायला आला आणि आदाम झाडीत दडला. का दडलास असा प्रश्न यायच्या आत त्याने स्वतःच सांगून टाकले की तुझी चाहूल लागली आणि मी भ्यालो. सबंध बायबलात माणसाने बोलून दाखवलेली ही पहिली भीती. आता क्रम पाहा. इथे आधी ज्ञान आले आणि मागून भय. नीतिसूत्रांत आधी भय आणि मागून ज्ञान. शिवाय आदामाच्या भयाने त्याला काडीचे शहाणपण दिले नाही. भयाने त्याला दडायला शिकवले आणि पुढच्याच उत्तरात सगळा दोष बायकोवर ढकलायला शिकवले. देवाला भिणाऱ्या पहिल्या पुरुषाने संकटात बायकोचे नाव पुढे केले. आमच्या पंचमंडळ्यांनी ही परंपरा निष्ठेने चालू ठेवली आहे.

बरे, नीतिसूत्रे तरी किती जणांनी पूर्ण वाचली आहेत? सातव्या वचनापाशी थांबणाऱ्यांना पुढच्या तीस अध्यायांत काय आहे याचा पत्ता नसतो. खोट्या तराजूबद्दल त्यात आहे. दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहिलास तर हरणासारखी सुटका करून घे, असे आहे. मुंगीकडून शिक, असे आहे. पहाटे उठून मोठ्या आवाजात शेजाऱ्याला आशीर्वाद देणाऱ्याचा आशीर्वाद शापातच जमा होतो, असेही आहे. हे वचन मात्र लाऊडस्पीकर लावून रात्रभर प्रार्थनामेळावे घेणाऱ्यांच्या मंडपात कधी रंगवलेले दिसत नाही. हे बाजाराचे, घराचे, शेताचे शहाणपण आहे, डोळे उघडे ठेवून मिळवलेले. त्यातले काही तर परक्यांकडून आलेले. बाविसाव्या अध्यायाच्या सतराव्या वचनापासून जो भाग सुरू होतो तो इजिप्तच्या आमेनेमोपे नावाच्या लेखकाच्या उपदेशाशी इतका जुळतो की तो योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. ब्रिटिश म्युझियममधला हा पपायरस बज या अभ्यासकाने १९२३ साली प्रसिद्ध केला आणि पुढच्याच वर्षी एर्मान या जर्मन पंडिताने साम्य दाखवून दिले. म्हणजे ज्या पुस्तकात ज्ञानाची सुरुवात परमेश्वराच्या भयात सांगितली, त्याच पुस्तकाच्या संपादकांनी त्या परमेश्वराला न मानणाऱ्या इजिप्शियन लेखकाच्या विद्येतले वेचे घेतले, आणि त्यांना त्यात पाप दिसले नाही. मुलांना ‘जगिक’ पुस्तके वाचू नका म्हणणाऱ्यांनी हे एकदा शांतपणे पचवावे.

त्याच पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात चौथे आणि पाचवे वचन शेजारी शेजारी उभी आहेत. एक म्हणते मूर्खाला त्याच्या मूर्खपणाच्या पातळीवर उतरून उत्तर देऊ नकोस. दुसरे म्हणते दे. मध्ये ‘परंतु’सुद्धा नाही. यहुदी रब्बींना हे खटकले होते. या विसंगतीमुळे नीतिसूत्रे बाजूला ठेवावीत की काय, अशी चर्चा झाल्याची नोंद तालमुदात आहे, आणि उपदेशकाच्या पुस्तकाबद्दलही तीच शंका निघाली होती. शेवटी त्यांनी दोन्ही ठेवली. मूर्खाला केव्हा उत्तर द्यावे आणि केव्हा देऊ नये हे प्रसंग पाहून ठरवावे लागते, आणि ते ठरवायला डोके लागते. डोके बंद ठेवून पाळता येईल अशी आज्ञा हवी असणाऱ्यांसाठी ही दोन वचने मोठी अडचण आहेत, म्हणून त्यांच्यावर प्रवचन होत नाही.

उपदेशकाचे पुस्तक तर आमच्या मंडळ्यांत नातेवाइकाने दारू पिऊन लग्नात काही बोलावे तसे सांभाळून घेतले जाते. शहाणपण वाढले की दुःख वाढते, असे ते पहिल्याच अध्यायात सांगते. शहाणा मरतो तसा मूर्खही मरतो. फार धार्मिक होऊ नकोस आणि फार शहाणाही होऊ नकोस, हा सल्ला सातव्या अध्यायात सरळ सरळ दिलेला आहे. हे सगळे ऐकून झाल्यावर अगदी शेवटी येते की देवाला भी आणि त्याच्या आज्ञा पाळ. बाराव्या अध्यायाचा हा शेवट मूळ लेखकाचा नसून कुणी नंतर जोडला असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. मला त्या वादात पडायचे नाही. जोडलेला असला तरी जोडणाऱ्याने आधीचे अकरा-साडेअकरा अध्याय फाडून टाकले नाहीत, हे मला महत्त्वाचे वाटते. आमचे वक्ते मात्र ते फाडतात. शेवटचे वचन वाचतात आणि ‘पाहा, शलमोनाने निष्कर्ष काढला’ म्हणून मोकळे होतात. ज्याने निष्कर्षाकडे जाताना वाटेत सगळ्या गोष्टींवर शंका घेतली, त्याच्या निष्कर्षाचा आधार घेऊन शंकेवर बंदी घालायची!

आणि शलमोनाचे नाव घेतच असाल तर पूर्ण घ्या. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात तो देवाकडे धन नको, आयुष्य नको, विवेक दे म्हणतो आणि देव खूश होतो. अकराव्या अध्यायात त्याला ७०० राण्या आणि ३०० उपपत्नी आहेत, आणि म्हातारपणी तो कमोश आणि मोलख यांच्यासाठी उच्चस्थाने बांधतो. पोराच्या कारकिर्दीत राज्य फुटले. सगळ्यात शहाण्या माणसाचे शहाणपण त्याला वाचवू शकले नाही. त्याच्या नावावर खपणारे भयाचे सूत्रही त्याला वाचवू शकले नाही, हे वाक्य मात्र कोणी उच्चारत नाही.

आता ईयोब. इथे मी थोडा थांबणार आहे, कारण हा सगळा खटला खरे तर याच पुस्तकात चालतो. पहिल्याच वचनात सांगून टाकले आहे की ईयोब देवाला भिणारा होता. सैतान देवाला विचारतो, ईयोब काय फुकट भितो? त्याच्या भोवती तू कुंपण घातलेस, गुरेढोरे वाढवलीस, मग भ्यायला काय जाते? बायबलातल्या अत्यंत धारदार प्रश्नांपैकी हा एक, आणि तो सैतानाच्या तोंडी आहे, याची लाज कोणाला वाटायला हवी तर ती दशांश दिला की दसपट मिळेल असे सांगणाऱ्यांना. भीतीचा मोबदला मिळत असेल तर तिला भक्ती म्हणायचे की व्यवहार? आमच्या समृद्धीवाल्या मंडपांत या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. पावती मिळते.

ईयोबाचे सगळे जाते. पोरे मरतात, अंगावर गळवे येतात, आणि अलीफज, बिल्दद, सोफर हे मित्र येतात. सात दिवस ते गप्प बसतात. या पुस्तकात मित्रांनी केलेले हे एकमेव शहाणपणाचे काम. मग अलीफज बोलायला लागतो. तो म्हणतो, तुझा आधार म्हणजे तुझे देवभयच ना? निर्दोष माणसाचा कधी नाश झाला आहे काय? ईयोब ऐकत नाही, देवाला जाब विचारतो, तेव्हा पंधराव्या अध्यायात अलीफज चिडून आरोप करतो की तू देवाचे भयच मोडीत काढतो आहेस. हा आरोप ओळखीचा वाटतो ना? मलाही वाटतो. एका तरुण बाईच्या अंत्यविधीला मी होतो. दोन लहान मुले मागे ठेवून ती गेली होती. पाळकसाहेबांनी कबरीशी उभे राहून जे सांगितले त्याचा सारांश असा की या घरावर देवाची शिस्त आली आहे, आणि नवऱ्याने ती मुकाट्याने स्वीकारावी. नवरा रडत ‘का?’ म्हणाला तेव्हा त्याला देवाला प्रश्न न विचारण्याबद्दल समज देण्यात आली. आधाराला वचन घेतले होते ईयोबाच्या पुस्तकातले. बोलणारा कोण होता? अलीफज.

अठ्ठाविसाव्या अध्यायात शहाणपणावरची मोठी कविता येते. माणूस डोंगर पोखरून सोने काढतो, नीलमणी काढतो, पण शहाणपणाची खाण त्याला सापडत नाही; ती वाट देवालाच ठाऊक. शेवटी तेच सूत्र: देवाचे भय हेच शहाणपण. इथे पडदा पडला असता तर पुलपिटवाल्यांचा विजय झाला असता. पण पडदा पडत नाही. पुढचे तीन अध्याय ईयोब आपल्या आयुष्याचा हिशेब मांडतो, शपथांवर शपथा घेतो आणि शेवटी जवळजवळ अर्जावर सही करून म्हणतो की आता सर्वशक्तिमानाने मला उत्तर द्यावे. म्हणजे देवभयाचे सूत्र ज्या कवितेत आहे ती म्हणणाऱ्याला त्या सूत्रात गप्प बसण्याचा हुकूम ऐकू आला नाही. ईयोब देवाला भितो आणि देवाला कोर्टात खेचतो. दोन्ही एकाच श्वासात.

मग वावटळीतून देव बोलतो, आणि बोलतो तेही सरळ नाही. ईयोबाच्या एकाही प्रश्नाचे उत्तर तो देत नाही. रानगाढव, शहामृग, बहेमोथ, लिव्याथान यांची वर्णने ऐकवतो. ईयोब तोंडावर हात ठेवतो. हे मला आजही खटकते आणि मी ते गोड करून सांगणार नाही: मुले मेलेल्या बापाला शहामृगाची गोष्ट ऐकवणे हे उत्तर नाही. पण निकाल त्यानंतर येतो. बेचाळिसाव्या अध्यायाचे सातवे वचन. देव अलीफजाला सांगतो की तुझ्यावर आणि तुझ्या दोन मित्रांवर माझा राग पेटला आहे, कारण माझ्याविषयी तुम्ही बरोबर बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. सात गोऱ्हे आणि सात एडके घेऊन ईयोबाकडे जायचे, आणि ईयोबाने प्रार्थना केली तर सुटका. देवाची वकिली करणारे दोषी ठरले, देवाला जाब विचारणारा त्यांचा मध्यस्थ झाला. देवभय मोडीत काढल्याचा आरोप ज्याच्यावर झाला तोच खरे बोलला, असा शिक्का खुद्द देवाने मारला. या वचनावर प्रवचन ऐकल्याचे मला आठवत नाही.

निर्गमाच्या पहिल्या अध्यायात दोन सुइणी आहेत, शिप्रा आणि पुवा. इब्र्यांच्या पोटी मुलगा जन्मला तर मारून टाका, असा फारोचा हुकूम त्यांना होता. त्या देवाला भीत होत्या, म्हणून त्यांनी हुकूम मोडला. वर फारोला थाप मारली की इब्री बायका धडधाकट, आम्ही पोचायच्या आत मोकळ्या होतात. देवाने त्यांचे भले केले. फारोचे नाव काय होते ते पुस्तक सांगत नाही. सुइणींची नावे मात्र सांगते. देवाचे भय म्हणजे काय याचे सगळ्या बायबलातले मला सर्वांत पटणारे उदाहरण हे आहे. देवाला भिणे म्हणजे राजाला न भिणे. ज्या भयाने माणूस वरच्यापुढे ताठ होतो ते भय इथे आहे, आणि आमच्याकडे त्याच नावाने जे विकले जाते त्याने माणूस वरच्यापुढे वाकतो. शिप्रा-पुवांची जात आपल्याकडे अगदीच नव्हती असे नाही. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या चळवळीत बिल्डरांच्या आणि गुंडांच्या दहशतीविरुद्ध उभे राहिले. ‘सुबोध बायबल’ लिहिणारा माणूस पाण्यासाठी आणि जमिनीसाठी रस्त्यावर उतरला. २०२० साली ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा हार घेऊन धावणाऱ्यांत, चळवळीच्या दिवसांत ‘धर्मगुरूने राजकारण करू नये’ म्हणणारे किती होते, ते वसईकरांनी मोजावे.

माझ्या बाजूला न बसणारी गोष्टही सांगितली पाहिजे. अब्राहामाची. उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात सदोम वाचवण्यासाठी तो देवाशी घासाघीस करतो. पन्नास नीतिमान सापडले तर? पंचेचाळीस? चाळीस? दहापर्यंत खाली आणतो. परक्या शहरासाठी एवढे तोंड चालवणारा हा माणूस बाविसाव्या अध्यायात स्वतःच्या पोराला, इसहाकाला, होमबळी म्हणून अर्पण कर असे ऐकतो आणि एक अक्षर बोलत नाही. पहाटे उठतो, गाढवावर खोगीर घालतो, मोरिया डोंगराकडे निघतो. सुरी वर उचलल्यावर त्याला थांबवले जाते आणि सांगितले जाते की तू देवाला भितोस हे आता कळले. म्हणजे इथे भयाची खूण गप्प राहणे हीच आहे. माझी सुइणींची व्याख्या या डोंगरावर मोडते. डॅनिश तत्त्वज्ञ कीर्केगार्दने १८४३ साली याच गोष्टीवर एक सबंध पुस्तक लिहिले, आणि त्याचे मोठेपण हे की त्याने ती सोपी केली नाही. मध्ययुगीन धर्मपंडित ॲक्वायनसने गुलामाचे भय वेगळे आणि लेकराचे भय वेगळे अशी फोड करून ठेवली आहे. फोड चांगली आहे, पण मोरिया डोंगरावर बांधलेल्या इसहाकाला ती कोणी समजावून सांगावी? मला या गोष्टीचे उत्तर सापडलेले नाही. पाच मिनिटांत ते सापडले असे सांगणाऱ्या प्रत्येक वक्त्याविषयी मला संशय आहे.

नव्या करारात आले की सुटलो, असे काहींना वाटते. प्रेमळ देव, संपली भीती. योहानाच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय खरोखर म्हणतो की पूर्ण प्रीती भीतीला हाकलून लावते, कारण भीतीत शिक्षा आहे. मग पौल फिलिप्पैकरांना भीत आणि कापत आपले तारण साधायला का सांगतो? मत्तयाच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो की नरकात नाश करू शकणाऱ्याला भ्या, आणि तीनच वचनांनंतर, चिमण्यांचा दाखला देऊन, भिऊ नका. मोशेने तर हे निर्गमाच्या विसाव्या अध्यायात एकाच वचनात उरकले आहे: भिऊ नका, देव आला आहे तो तुमच्यात त्याचे भय राहावे म्हणून. जुना करार भीतीचा आणि नवा प्रेमाचा, अशी वाटणी करणाऱ्यांनी दोन्ही करार नीट वाचलेले नसतात. आणि थैल्यांचा दाखला आठवा. पाचवाल्याने व्यापार केला, दोनवाल्याने केला, एकवाल्याने थैली जमिनीत पुरली. धन्याने विचारले तेव्हा म्हणाला, तू कठोर आहेस हे मला ठाऊक होते, मी भ्यालो. तिघांत धन्याला भिणारा हाच एक, आणि बाहेरच्या अंधारात टाकला गेला तोही हाच. आमच्या मंडळ्यांनी बुद्धीची थैली अशीच पुरून ठेवली आहे आणि त्या जागेवर बसून स्तोत्रे म्हणतात.

शिकलेल्या पोरांना गप्प करायला एक हुकमी शास्त्रपाठ आहे: करिंथकरांस पहिले पत्र, पहिला अध्याय. देवाने जगाचे ज्ञान मूर्खपणाचे ठरवले. ‘पदव्या घेऊन आलास, पण देवापुढे तुझे ज्ञान कचरा.’ हे बोलणारे बाराव्या वचनावरून उडी मारून पुढे गेलेले असतात. करिंथमध्ये भांडण कशाचे होते? मी पौलाचा, मी अपुल्लोचा, मी केफाचा. वक्त्यांच्या नावाने पडलेले तट. पौलाचा राग या व्यक्तिपूजेवर आहे, आणि तिसऱ्या अध्यायात तो स्पष्ट बजावतो की माणसांचा अभिमान कोणी धरू नये. स्वतः पौलाला अथेन्समध्ये ग्रीक कवींचा आधार घेताना संकोच वाटला नव्हता. म्हणजे फ्लेक्सवर स्वतःचा हसरा फोटो लावणाऱ्या प्रेषित-पुढाऱ्यांवर झाडलेली गोळी उचलून ती बी.एस्सी.च्या पोरावर झाडायची, ही कमाल आहे.

यशयाच्या एकोणतिसाव्या अध्यायात देवाची तक्रार आहे की या लोकांचे माझ्याविषयीचे भय म्हणजे माणसांनी पढवलेला पाठ आहे. पढवलेल्या भयाचे काय होते ते गोव्याने पाहिले आहे. १५६० साली तिथे इन्क्विझिशन बसले आणि मधली थोडी वर्षे सोडता १८१२ पर्यंत टिकले. त्याच भूमीवर फादर थॉमस स्टीफन्सने मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचले, १६१६ साली ते छापले गेले, आणि त्यात ऐकणारे शंका विचारतात आणि पाद्री उत्तर देतो. एकाच चर्चने एका हाताने शंकेला ओवीत जागा दिली आणि दुसऱ्या हाताने शंका घेणाऱ्याला कोठडीत टाकले. मराठी ख्रिस्ती समाजाचे १८४२ साली निघालेले नियतकालिक ‘ज्ञानोदय’ नाव घेऊन निघाले, ‘भयोदय’ नव्हे. आणि पंडिता रमाबाई! १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि दोन वर्षांच्या आत तिथल्या आपल्या मार्गदर्शक सिस्टर जेरल्डिनला पत्राने कळवले की पाद्री-बिशपांच्या तोंडून पडणारा प्रत्येक शब्द मानायला मी बांधलेली नाही, इकडच्या पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने फेकले ते दुसरे घेण्यासाठी नव्हे. त्यांना गर्विष्ठ ठरवले गेले. याच बाईने पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल साध्या बायकांना समजेल अशा मराठीत आणले. आज प्रार्थनामंदिरात त्यांची तसबीर असते, आणि त्या तसबिरीखाली बसलेल्या बायकांना प्रश्न विचारायची मुभा नसते. नारायण वामन टिळकांनीही शेवटी मिशनची चाकरी सोडून १९१७ साली ‘देवाचा दरबार’ हा आपला स्वतंत्र भक्तसंघ मांडला; आम्ही त्यांची भजने घेतली, तो बंडखोरपणा सोयीने विसरलो.

विसंगती दाखवून ‘बघा, सगळे थोतांड’ म्हणणाऱ्या बुद्धिवादी मित्रांनी एवढ्यात टाळी देऊ नये. पुस्तक एकाच सुरात बोलले पाहिजे हा आग्रह त्यांचाही आहे आणि पाळकांचाही. फरक एवढाच की तो सूर सापडला नाही म्हणून एक जण पुस्तक फेकतो आणि दुसरा पाने लपवतो.

वाचकहो, तुमच्याकडे मागणे एकच आहे. पुढच्या वेळी उपासनेत किंवा अंत्यविधीला ईयोबाच्या पुस्तकातले वचन वाचले गेले, तर तिथल्या तिथे पान उघडून बोलणारा कोण ते पाहा. अलीफज, बिल्दद किंवा सोफर निघाला, तर शेवटच्या प्रार्थनेनंतर पाळकसाहेबांना गाठा आणि बेचाळिसाव्या अध्यायाचे सातवे वचन मोठ्याने वाचायला सांगा.